शेवटचा धक्का कोणाला बसतो?

आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहारात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पोरं-पोरी जमतात. वंदना झाली की एखादं पुस्तक किंवा सिनेमा, आणि मग चर्चा. गेल्या वेळी मुलांनीच फर्माईश केली, "दादा, या वेळी भाषणवाला सिनेमा नको. मर्डर मिस्ट्री लावा. शेवटी डोकं गरगरलं पाहिजे." मी पेनड्राईव्हमधून 'द युज्वल सस्पेक्ट्स' काढला. १९९५ चा, ब्रायन सिंगरचा. ख्रिस्तोफर मॅक्वेरीच्या पटकथेला ऑस्कर मिळालं होतं. एम.ए.ला असताना होस्टेलच्या खोलीत आठ जणांनी एका लॅपटॉपवर तो पहिल्यांदा पाहिला होता, आणि संपल्यावर रात्री दोन वाजता पुन्हा पहिल्यापासून लावला होता.

विहारातही तसंच झालं. शेवटच्या पाच मिनिटांत शिट्ट्या, टाळ्या, "अबे हाच होता का!" अशा आरोळ्या. गोंगाट कमी झाल्यावर बारावीतल्या एका मुलीने हात वर केला. "दादा, तो दवाखान्यातला भाजलेला माणूस तर आधीपासून खरं सांगत होता ना? मग पोलीस दुसऱ्याचीच गोष्ट का ऐकत बसले?"

हा सिनेमा मी सहा-सात वेळा पाहिला असेल. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. तिला त्या दिवशी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. खरं उत्तर देण्यासाठी हा लेख लिहितोय, कारण त्या प्रश्नाने मला माझ्याच एका जुन्या केसपाशी नेऊन उभं केलं. त्या केसबद्दल मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही.

(ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनी आधी पाहून यावं. शेवट सांगितल्याशिवाय मला मुद्दा मांडता येणार नाही.)

गोष्ट कोण सांगतोय?

कॅलिफोर्नियातल्या सॅन पेद्रो बंदरात एका जहाजावर हत्याकांड होतं, जहाज पेटतं. दोन माणसं जिवंत सापडतात. एक व्हर्बल किंट, हातापायाने अधू, बडबड्या, किरकोळ भुरटा गुन्हेगार. दुसरा एक हंगेरियन माणूस, भयंकर भाजलेला, दवाखान्यात पडलेला, ज्याची भाषा तिथे कोणालाच कळत नाही. कस्टम्सचा अधिकारी डेव्ह कुजान व्हर्बलला समोर बसवून चौकशी करतो. व्हर्बल सांगत जातो आणि ते सगळं आपल्याला पडद्यावर दिसत जातं : पाच गुन्हेगार, त्यांची टोळी, कोबायाशी नावाचा वकील, आणि या सगळ्यांच्या मागे असलेला कायझर सोझे नावाचा अदृश्य राक्षस.

कुजानचं मत चौकशीच्या आधीच ठरलेलं आहे. या सगळ्यामागे डीन कीटन नावाचा पूर्वाश्रमीचा पोलीस आहे, याची त्याला खात्री आहे. व्हर्बलकडून त्याला फक्त दुजोरा हवा आहे. तो व्हर्बलला तोंडावर सांगतो की तू मूर्ख आहेस, दुबळा आहेस, अपंग आहेस, म्हणून तर कीटनने तुला वापरलं. व्हर्बल रडतो आणि सुटून निघून जातो. मग कुजानची नजर समोरच्या फलकावर जाते. गोष्टीतली नावं तिथल्याच कागदांवरून उचललेली. हातातला कप पडून फुटतो, त्याच्या बुडाला लिहिलेलं असतं कोबायाशी. बाहेर रस्त्यावर व्हर्बलचा वाकडा पाय हळूहळू सरळ होतो. आणि त्याच वेळी फॅक्स मशीनमधून एक रेखाचित्र सरकत बाहेर येतं : कायझर सोझेचा चेहरा.

हे रेखाचित्र आलं कुठून? त्या दवाखान्यातून. भाजलेला माणूस पहिल्यापासून ते नाव घेत होता. दुभाष्या आला, चित्रकार आला, तेव्हा कुठे त्याचं म्हणणं कागदावर उतरलं. तोवर खुनी दाराबाहेर गेला होता.

आपल्याला धक्का बसतो तो व्हर्बल खोटं बोलला म्हणून. पण त्या मुलीने बोट ठेवलं ते वेगळ्याच जागेवर. सत्य लपलेलं नव्हतंच. ते चुकीच्या भाषेत, चुकीच्या खाटेवर पडलं होतं. पोलिसांचा आणि आपलाही सगळा वेळ दुसऱ्या खोलीतली रंगतदार गोष्ट ऐकण्यात गेला.

कोपऱ्यातला साक्षीदार

त्यानंतर मी असे धक्का देणारे सिनेमे पुन्हा काढून पाहिले आणि एक गोष्ट वारंवार दिसू लागली. श्रीराम राघवनचा 'अंधाधुन' (२०१८) घ्या, आपल्या पुण्यात घडणारा. शेवटी परदेशातल्या एका कॅफेत आकाश सोफीला सगळी हकीकत सांगतो. ती ऐकते, विश्वास ठेवते. मग रस्त्यावर चालताना तो 'आंधळा' आपल्या काठीने पडलेला डबा नेमका टोलवतो आणि आपल्या लक्षात येतं, सांगितलेल्यात किती खरं होतं कोण जाणे! यावर पोरांनी रात्र-रात्र वाद घातलेत. पण त्याच सिनेमात शेजारची म्हातारी, मिसेस डिसा, पोलिसांना खरं सांगते. त्या घरात एक माणूस येताना तिने पाहिलेला असतो. तिला उंचावरून ढकलून दिलं जातं. सिनेमा पुढे जातो, आपणही जातो. तिच्याबद्दल कोणी वाद घालत नाही.

कुरोसावाचा 'राशोमोन' (१९५०) तर या प्रकारच्या सगळ्या सिनेमांचा बाप. जंगलात एका सामुराईचा मृत्यू होतो. दरोडेखोर, सामुराईची बायको आणि मांत्रिक बाईच्या तोंडून बोलणारा मृत सामुराई, तिघेही वेगवेगळी हकीकत सांगतात. यात न्यायाधीश कधीच दिसत नाही. साक्षीदार थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलतात, म्हणजे न्यायाधीशाच्या जागी आपणच बसलेलो असतो. चौथा माणूस म्हणजे गरीब लाकूडतोड्या. त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलंय, पण न्यायालयात तो फक्त प्रेत सापडलं एवढंच सांगतो. भानगडीत पडायचं नव्हतं, असं तो नंतर कबूल करतो. आणि तिथला मौल्यवान खंजीरही त्यानेच लांबवलेला असतो. सहा पोरांचा बाप. गरीब साक्षीदार म्हणजे धुतल्या तांदळासारखा, असं कुरोसावा दाखवत नाही. तो घाबरतो, लपवतो. का लपवतो, तेही दाखवतो. लाकूडतोड्याकडे मी पुन्हा येणार आहे.

सिनेमावाल्यांचा एक जुना अलिखित करार होता : पात्र तोंडाने खोटं बोलू शकतं, पण पडद्यावर 'घडताना' दिसलं ते खरं मानायचं. हिचकॉकने १९५० च्या 'स्टेज फ्राइट'मध्ये तो मोडला. सुरुवातीचा सगळा फ्लॅशबॅकच खोटा निघाला आणि प्रेक्षकांना फसवल्यासारखं वाटलं. असं करायला नको होतं, हे पुढे त्यानेही मान्य केलं. पुढच्या सिनेमांनी मात्र हीच युक्ती उचलली. याचा अर्थ असा की धक्क्याचं सगळं बळ आपल्या विश्वासातून येतं. ज्याच्यावर आधी विश्वास ठेवला, त्याच्याच हातून धक्का बसतो. मग प्रश्न उरतो, आपण विश्वास कोणावर ठेवतो आणि कोणावर ठेवतच नाही?

विश्वासाची उतरंड

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हॉवर्ड बेकर माहीत असेल. या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६७ साली 'आपण कोणाच्या बाजूला आहोत' असा प्रश्न विचारणारा एक निबंध लिहिला. त्यात त्याने विश्वासार्हतेच्या उतरंडीची कल्पना मांडली. कोणत्याही श्रेणीबद्ध व्यवस्थेत 'खरं काय' ते ठरवायचा हक्क वरच्यांना आपोआप मिळालेला असतो. मुख्याध्यापकाचं खरं, विद्यार्थ्याचं शंकास्पद. डॉक्टरचं खरं, रुग्णाचं शंकास्पद. बेकर जातीबद्दल बोलत नव्हता. पण बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, त्या समाजात ही उतरंड किती मडक्यांची असेल याचा विचार करा. इथे शब्दाचं वजन आडनावाने ठरतं.

आता कोणी म्हणेल, सिनेमा हा सिनेमा आहे, त्यात जात कशाला आणता? शिवाय चर्चेत एका मुलाने त्याहून अवघड मुद्दा काढला. "दादा, व्हर्बल तर दुबळाच होता, आणि तोच खोटारडा निघाला. मग लोक म्हणतीलच ना, हे गरीब दिसणारे असेच असतात, ॲट्रॉसिटीच्या खोट्या केसेस करतात?"

हा धोका खरा आहे. दुबळा दिसणारा माणूस शेवटी लबाड निघतो, ही कथा 'गैरवापर' म्हणणाऱ्यांच्या तोंडी रोज असते. २० मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही हीच भीती होती. तिच्यापोटी अटकेवर आणि गुन्हा नोंदवण्यावर अटी आल्या. २ एप्रिलला देश रस्त्यावर उतरला, संसदेने कायदा दुरुस्त केला, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश स्वतःच मागे घेतले. आरोपी सुटला म्हणजे तक्रार खोटी होती, असं गणित मांडणारे कमी नाहीत. केस का पडते हे त्यांना बघायचं नसतं.

पण सिनेमाकडे नीट बघा. कुजान फसला तो दुबळ्यावर विश्वास ठेवून नव्हे. त्याने व्हर्बलवर विश्वास ठेवलाच नव्हता. हा बापडा इतकं डोकं चालवूच शकत नाही, असं त्याने गृहीत धरलं आणि आपलं आधीचं मत त्याच्या तोंडून वदवून घेतलं. वरून खाली बघणाऱ्याला खालचा माणूस दिसत नाही, आपलाच अंदाज दिसतो. त्याच नजरेने भाजलेल्या माणसाला दुभाष्या मिळायला उशीर होतो.

इथपर्यंत लिहिणं मला सोपं होतं, कारण आतापर्यंत कुजान म्हणजे 'ते' होते. आता माझ्या केसकडे येतो.

मी साळगावकर झालो

निशिकांत कामतचा हिंदी 'दृश्यम' २०१५ साली आला. मूळ मल्याळम २०१३ चा, जीतू जोसेफचा. हिंदीत गोव्याचा विजय साळगावकर, चौथी नापास, केबलचा धंदा, सिनेमाचं वेड. घरात एका पोलीस अधिकारी बाईच्या मुलाचा मृत्यू होतो आणि विजय २ ऑक्टोबरची आख्खी कहाणी रचतो. पणजी, सत्संग, हॉटेल, सिनेमाची तिकिटं. बायकोपोरींकडून पाठ करून घेतो. कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरवाला सगळे मनापासून त्याच्या बाजूने साक्ष देतात. शेवटी प्रेत कुठे आहे? नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली. आमच्या गावच्या टॉकीजमध्ये या शेवटाला जो जल्लोष झाला तो मी विसरणार नाही. पोलिसांपुढे एका साध्या माणसाची गोष्ट टिकली होती. मीही उभं राहून टाळ्या वाजवल्या.

दोन वर्षांनी, डिसेंबर २०१७ मध्ये, कापूस वेचणीच्या दिवसांत पन्नाशीची एक मावशी आमच्या ऑफिसला आली. विदर्भातलंच एक गाव. तिने जे सांगितलं ते तिच्या क्रमाने असं : दिवाळीत पोरीच्या बाळंतपणासाठी तिने त्या शेतमालकाकडून पाच हजारांची उचल घेतली. ती फेडायला त्याच्याच शेतात वेचणीला जायची. तो काट्यात मारायचा, दहा किलो वेचलं तर आठ लिहायचा. त्या दिवशी ती बोलली. त्याने जातीवरून घाणेरड्या शिव्या घातल्या, ढकललं, ती कापसाच्या ढिगावर पडली. सोबतच्या दोन बाया बघत होत्या.

मी तिला घेऊन संगणक केंद्रात गेलो आणि तक्रार टाईप करायला बसलो. उचलीपाशी माझे हात थांबले. "मावशी, हे उचलीचं राहू द्या. देण्याघेण्याचा वाद म्हणतील आणि केस उडवून देतील."

माझी भीती उगाच नव्हती. त्याआधी दोन प्रकरणांत मी ठाण्यात हेच ऐकलं होतं. 'व्यवहाराचं भांडण आहे, जात मध्ये आणू नका.' म्हणून मी उचल काढली, काटा काढला, शिव्या सगळ्यात वर घेतल्या. आणि 'ढकललं तं मी ढिगावर पडली' या तिच्या वाक्याच्या जागी लिहिलं, 'जीवे मारण्याच्या उद्देशाने जोरात ढकलून दिले.' अर्ज चार ओळींनी लहान झाला आणि मला वाटलं, मजबूत झाला. मावशी म्हणाली, "तुम्ही शिकलेले आहा भाऊ, तुम्हाले समजते." आणि तिने अक्षर-अक्षर जोडत सही केली. साळगावकरासारखं मी सगळं नीट बसवलं होतं.

फरक एवढाच, की साळगावकराच्या शब्दावर गावाचा विश्वास होता. कंडक्टरपासून थिएटरवाल्यापर्यंत कोणालाही त्याच्या बाजूने बोलताना भीती वाटली नाही. मावशीच्या सोबतच्या दोघी बायांना दुसऱ्या दिवशीही त्याच शेतमालकाच्या बांधावर उभं राहायचं होतं. लाकूडतोड्यासारखं त्यांनाही भानगडीत पडणं परवडणारं नव्हतं. त्या फितूर झाल्या.

उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाने विचारलं, "तुम्हाला मारून टाकायचा त्याचा उद्देश होता, हे तुम्हाला कसं कळलं?" मावशी म्हणाली, "मी असं नाही म्हटलं जी." मग त्याने सावकाश एक डायरी काढली. पाच हजार, तारीख, खाली तिची तीच अक्षर-अक्षर जोडलेली सही. "ही सही तुमचीच ना? मग तक्रारीत याचा एक शब्द का नाही?" कोर्टात जी शांतता झाली ती मी सिनेमात अनेकदा ऐकलीय. सगळे तुकडे जुळतात आणि फलकावरची नावं दिसायला लागतात, ती शांतता. या वेळी कुजानच्या खुर्चीत मी होतो.

२०२१ मध्ये निकाल लागला. संशयाचा फायदा, निर्दोष मुक्तता. बाहेर लिंबाच्या झाडाखाली मावशी बसली होती. रडत नव्हती. एवढंच बोलली, "भाऊ, मी तं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं."

विहारातल्या मुलीचा प्रश्न आणि मावशीचं हे वाक्य, दोन्ही एकच आहेत. ती आधीपासून खरं सांगत होती. मीच दुसऱ्याची गोष्ट ऐकत बसलो होतो, आणि तो दुसरा मीच होतो.

वाचून दाखवणे

ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये, २०१५ च्या दुरुस्तीने, लोकसेवकांची कर्तव्यं स्पष्ट लिहिली आहेत. त्यातलं पहिलंच असं : तोंडी दिलेली माहिती अधिकाऱ्याने लिहून घेतल्यावर, सही घेण्याआधी ती सांगणाऱ्याला वाचून दाखवायची. त्याची प्रत लगेच द्यायची. साक्षीदारांचे जबाब नोंदवायचे, कागदपत्रं अचूक तयार करायची, भाषांतरही अचूक करायचं. हे जाणूनबुजून न करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. गोष्ट जिची आहे तिचीच राहावी म्हणून संसदेला कायदा करावा लागला, इतक्या सहज ती हिसकावली जाते.

त्या प्रकरणात ठाण्यात कोणी वाचून दाखवलं नाही, हे मी दहा भाषणांत सांगितलंय. संगणक केंद्रात मीही वाचून दाखवलं नव्हतं, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

यावर काही कार्यकर्ते मित्र म्हणतील, आपलीच कमजोरी चव्हाट्यावर का मांडतोस? विरोधकांना आयतं कोलीत मिळेल. माझं उत्तर असं की कोलीत त्यांना आधीच मिळालेलं आहे. आपण लपवलेली प्रत्येक ओळ त्यांच्या वकिलाच्या डायरीत असते. सिनेमाचा दिग्दर्शक माहिती दडवतो आणि प्रेक्षक त्याचे पैसे देतो. तक्रारीत आपण माहिती दडवली की शेवटचा सीन समोरच्या बाजूला लिहायला मिळतो. उचलीची गोष्ट पहिल्या ओळीत असती तर काय झालं असतं? काट्यातली चोरी, उचलीचा फास आणि जातीची शिवी एका धाग्यात दिसली असती. कारण तो धागा खरंच एक होता. ज्याला उचल देऊन बांधता येतं त्याच्याच जातीवर शिवी देता येते. मी धागा तोडून फक्त शिवी ठेवली आणि शिवी एकटी पडली.

धागा तुटला की काय होतं ते खैरलांजीने दाखवलंय. २९ सप्टेंबर २००६ च्या हत्याकांडानंतर गावातून पहिली गोष्ट पसरली ती 'अनैतिक संबंधां'ची. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. गुन्हेगार सापडले, गुन्ह्याचं कारण मात्र न्यायालयाच्या गोष्टीतून गळालं. कोणी मारलं याचं उत्तर मिळालं की रहस्यपट संपतो. का मारलं जातं, हा आपला प्रश्न तिथून सुरू होतो.

म्हणूनच मला चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) आता वेगळा दिसतो. आपले नागपूरचे वीरा साथीदार त्यात शाहीर नारायण कांबळे झालेत. गटारात उतरणाऱ्या कामगाराच्या मृत्यूला शाहिराचं गाणं कारणीभूत ठरवलं जातं. विहारात तो दाखवला तेव्हा पोरं म्हणाली, "संपला? शेवट काहीच नाही?" शेवट असा : कोर्टाला सुट्टी लागते, दिवे बंद होतात. न्यायाधीश सहलीला गेलेत, बाकावर डुलकी घेतात. पोरं ओरडून त्यांना उठवतात, ते एकाला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. धक्का कुठेच नाही. आपल्या लोकांना कोर्टाकडून धक्का बसत नाही, तारीख मिळते. ताम्हाणेने ते जसंच्या तसं ठेवलं.

कालामांना दिलेलं उत्तर

अंगुत्तर निकायात कालाम लोक बुद्धांना विचारतात, प्रत्येक येणारा आपलंच खरं म्हणतो, आम्ही कोणाचं मानायचं? बुद्ध जी यादी देतात त्यात ऐकीव आणि परंपरा एवढंच नाही. सांगणारा भारदस्त वाटतो म्हणून मानू नका, आपल्या आधीच्या मताशी जुळतं म्हणून मानू नका, आणि हा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका, असंही त्यात आहे. कुजानने दुसरी चूक केली. 'अंधाधुन'मधली सोफी आणि आपण प्रेक्षक पहिली करतो. मावशीकडून मी तिसरी करवून घेतली. ती मला 'शिकलेले भाऊ' म्हणून मानत होती आणि मी त्या मानाचा फायदा घेतला.

आता आमच्या ऑफिसात तीन गोष्टी पाळतो. बोलणारीला मध्ये तोडायचं नाही, ती ज्या क्रमाने सांगेल त्याच क्रमाने आणि तिच्याच बोलीत लिहायचं. अडचणीची वाटणारी गोष्ट आधी लिहायची. आणि सही करण्याआधी मोठ्याने वाचायचं, 'हे मी म्हटलं नाही' असं ती म्हणाली की ते वाक्य खोडायचं. यामुळे अर्ज लांब होतात, ठाणे अंमलदार वैतागतो, कधी कधी सकाळी गेलेले आम्ही संध्याकाळी परततो. सगळ्या केसेस जिंकतो असंही नाही. पण त्यानंतर कोणत्याही साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं राहून 'मी असं नाही म्हटलं जी' म्हणावं लागलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मावशीच्या घरी गेलो. त्या अर्जाची प्रत माझ्याकडे होती, ती तिला पहिल्यांदा पूर्ण वाचून दाखवली. 'जीवे मारण्याच्या उद्देशाने' आलं तशी ती हसली. म्हणाली, "तेवढा दम कुठे होता त्याच्यात?" मग चहा टाकला आणि उचलीपासून सगळं पुन्हा सांगितलं. काट्याचं, ढिगाचं, त्या दोघी बायांचं. त्यांच्यावर तिचा राग नाही. एक आजही तिच्यासोबत वेचणीला जाते.

या वेळी मी वही काढली नाही. फक्त ऐकलं.

पुढच्या रविवारी विहारात त्या मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. मावशीलाही बोलावलंय. गोष्ट तीच सांगेल.

जय भीम!